एनए एमएक्स-५ला एनबीचे टॉप माउंट: सोबत काय काय लागतं?

वळणवाट:
गाडी १९९४ची माझदा एमएक्स-५, एनए (पहिली पिढी), १.८ लिटर, ब्रिटनमध्ये, फक्त ट्रॅक डेसाठी. ॲडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरची जोडी) आहेत, स्प्रिंग पुढे १० आणि मागे ६ किलो प्रति मिमी. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांत ३२५ मिमी. वळणात कर्बवर (ट्रॅकच्या कडेची उंच पट्टी) चाक चढलं की मागून धाडकन आपटतं आणि शेपूट बाहेर पडते. टॉप माउंट (शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक बॉडीला जोडणारा भाग) मूळ एनएचेच आहेत. एनबीचे, म्हणजे १९९८ ते २००५च्या गाडीचे, थेट बसतात का?

गॅरेजकर:
बसतात, पुढेही आणि मागेही. दोन्ही स्टड त्याच भोकांत येतात. एनबीच्या माउंटची वाटी उंच आहे, त्यामुळे शॉकॲब्सॉर्बर बॉडीत जास्त वर जातो आणि दबायला साधारण २० ते २५ मिमी जास्त जागा मिळते. शेपूट सुटते ती याच जागेच्या अभावी: बंप स्टॉप (शॉक शेवटपर्यंत दबताना अडवणारं रबर) पुरता दबला की तो कोपरा एकदम दगड होतो, सगळा भार त्या टायरवर येतो आणि पकड जाते. कडक स्प्रिंग टाकून हे झाकलं जाईल, सुटणार नाही.

नुसते माउंट घेऊ नका. वरचं-खालचं रबर बुश, मधली स्लीव्ह, वॉशर आणि एनबीचे बंप स्टॉप असा पूर्ण संच घ्या. माउंट भंगारातले चालतील, रबर मात्र नवंच. स्लीव्ह राहून गेली तर नट घट्ट वाटतो, पण शाफ्ट बुशमध्ये खेळतो आणि बारीक खड्ड्यांवर टकटक येते. शिवाय माउंटची बैठक मूळ रुंद स्प्रिंगसाठी आहे. ६० ते ६५ मिमी आतल्या व्यासाची सरळ स्प्रिंग असेल तर सपाट ॲडॅप्टर हवाच, नाहीतर स्प्रिंग तिरकी बसून शॉकवर घासते.

मोजपट्टी:
आधी मोजा. गाडी स्टँडवर घ्या, एका कोपऱ्याची स्प्रिंग काढा, शॉक, माउंट आणि बंप स्टॉप जोडून परत बसवा. खालच्या आर्मखाली (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) जॅक लावून स्टॉप नुसता टेकेपर्यंत उचला आणि चाकाचा मध्य ते फेंडर मोजा. ३०५ आलं, तर ३२५ मधून वजा करून मोकळे २० मिमीच उरले. माउंट बदलल्यावर पुन्हा मोजा. मग स्टॉप काढून शॉक पूर्ण दाबा आणि टायर कुठे घासतो ते बघा. ट्रॅकवर शाफ्टला एक झिप टाय बांधा. सेशननंतर तो जिथे सरकलेला दिसेल, तिथपर्यंत शॉक दबला होता.

गॅरेजकर:
जोडताना दोन गोष्टी. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नका. शाफ्ट आत गरगर फिरतो आणि सील जातं. शाफ्ट धरून हाताच्या पान्ह्यानेच आवळा. दुसरं, आर्मच्या रबर बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना घट्ट करू नका, गाडी स्वतःच्या वजनावर बसवून करा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, उंचीचं माप खोटं येतं आणि बुश लवकर फाटतात.

वळणवाट:
मिळालेली जागा वापरून गाडी अजून १५ मिमी खाली घेतली तर?

मोजपट्टी:
नको, ती जागा चाकालाच राहू द्या. डबल विशबोनमध्ये (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) गाडी उतरली की खालचा आर्म चाकाकडे वर चढतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते) गुरुत्वमध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतं. म्हणजे गाडी बुटकी होते, पण वळणात जास्त कलते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि बंप स्टिअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) वाढतं. खाली जायचंच असेल तर पुढे लांब पिनेचे खालचे बॉल जॉईंट घ्या, आणि ते रिमला आतून लागत नाहीत ना ते आधी तपासा.

अलाइनमेंट (चाकांचे कोन लावणं) शेवटी, ड्रायव्हरच्या वजनासह. सुरुवातीला पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे ३ अंश, टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) शून्य. मागे कॅम्बर उणे २.५, एकूण टो-इन १.५ मिमी. ब्रिटनमधल्या गाड्यांत मिठामुळे आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून हे कोन बदलतात ते) बुशच्या स्लीव्हमध्ये जाम होतात, म्हणून अलाइनमेंटची वेळ ठरवण्यापूर्वी आठही फिरवून बघा. जो हलत नाही तो करवतीनेच निघतो, आणि मग बुशही नवं लागतं.