द गेम अवॉर्ड्स: जाहिरातदार, सल्लागार आणि विजेते सगळे एकाच मांडवात. मग विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

कोपऱ्यातला गेमर

दर डिसेंबरला व्हिडिओ गेमचे हे अवॉर्ड्स झाले की आठवडाभर तोच वाद चालतो, याला का मिळालं आणि त्याला का नाही. मला त्यात पडायचंच नाहीये. 2025 मध्ये क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन 33 ला 9 पुरस्कार मिळाले, गेम मला मनापासून आवडलाय, त्याबद्दल तक्रार शून्य. माझं म्हणणं आहे ते या कार्यक्रमाच्या रचनेबद्दल.

जेफ कीली हा माणूस 2014 पासून हे चालवतोय. निर्माता तोच, स्टेजवर उभा राहणाराही तोच. त्याच्या सल्लागार मंडळात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो आणि बडे पब्लिशर्स. मंडळ मत देत नाही हे मान्य. मतं 90 टक्के ज्युरीची (म्हणजे जगभरातल्या शंभराच्या वर गेमिंग वेबसाइट्स, मासिकं वगैरे) आणि 10 टक्के पब्लिकची. पण सुरुवातीच्या वर्षांत ज्युरीत कुठली प्रकाशनं घ्यायची हे याच मंडळाने ठरवलेलं. आणि ज्यांचे गेम स्पर्धेत असतात त्याच कंपन्या कार्यक्रमात मध्ये दाखवायच्या ट्रेलरच्या जागा पैसे मोजून घेतात. याच कीलीचा उन्हाळ्यातला दुसरा शो आहे, समर गेम फेस्ट, त्याचे 2024 चे दर एस्क्वायरने छापले होते: एका मिनिटाला अडीच लाख डॉलर, अडीच मिनिटांना साडेपाच लाख. म्हणजे एका मिनिटाचे आपले दोन कोटींच्या वर. काही जागा फुकटही देतात म्हणे, पण कुणाला आणि कशावरून ते तोच ठरवणार.

आता 2023 आठवा. बाल्डर्स गेट 3 ला गेम ऑफ द इयर मिळालं, तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओचे स्वेन विंके चिलखत घालून स्टेजवर आले, त्याच नोव्हेंबरमध्ये वारलेल्या आपल्या सहकाऱ्याबद्दल बोलत होते आणि समोरच्या स्क्रीनवर ‘आवरा’ अशी पाटी लागली. वर्षातला सगळ्यात मोठा पुरस्कार घेणाऱ्या माणसाला! आणि त्याच संध्याकाळी जपानी गेम दिग्दर्शक कोजिमा नव्या गेमबद्दल निवांत गप्पा मारून गेला. ज्या कार्यक्रमात विजेत्याच्या बोलण्यापेक्षा ट्रेलरचा मिनिट महाग असतो तिथे पुरस्कार हे निमित्त उरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सह्याद्रीचा वारा

पूर्ण असहमत. रचनेवर बोलताय पण निकालात कुठे पाणी मुरल्याचं दाखवा ना. 2019 ला कोजिमाच्या डेथ स्ट्रँडिंगला सगळ्यात जास्त नामांकनं होती, कोजिमा कीलीचा जिगरी दोस्त, सगळे ओरडत होते की आता बघा सगळं त्यालाच जाणार. काय झालं? गेम ऑफ द इयर सेकिरोला गेलं. आणि त्या रात्री सगळ्यात जास्त पुरस्कार कुणी नेले तर डिस्को एलिझियमने, चार नामांकनं आणि चारही जिंकली, एस्टोनियातून सुरू झालेला स्टुडिओ, पहिलाच गेम, ट्रेलरचे दोन कोटी वगैरे त्यांच्या स्वप्नातही नसतील. 2024 ला बलाट्रो, एकट्या माणसाने बनवलेला पत्त्यांचा गेम, तीन पुरस्कार.

आणि बाल्डर्स गेट 3 चंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं. तोच गेम गोल्डन जॉयस्टिक, डाइस, जीडीसी आणि बाफ्ता या दुसऱ्या चारही गेम पुरस्कारांत वर्षाचा सर्वोत्तम ठरला. मत देणारे चारही ठिकाणी वेगळे, कुठे पब्लिक, कुठे डेव्हलपर, कुठे अकादमीचे सभासद. मग कीलीच्या ज्युरीने काय चुकीचं केलं? भाषण तोडलं ते वाईटच, त्यानेही नंतर कबूल केलं की संगीत फार लवकर वाजलं. पण तो कार्यक्रमाच्या आखणीचा दोष, मतदानाचा नव्हे.

कोपऱ्यातला गेमर

@सह्याद्रीचा वारा, निकाल फिरवला असं मी कुठे म्हटलंय? हितसंबंधांचा प्रश्न लाच सिद्ध झाल्यावर सुरू होत नाही, तो आधीच सुरू होतो, म्हणूनच तर न्यायाधीश नातेवाइकाची केस ऐकत नाही, निकाल योग्य देणार असला तरी. कोजिमा नुसता दोस्त नाही, सल्लागार मंडळावर त्याचं नाव आहे, आणि डेथ स्ट्रँडिंगमध्ये कीली स्वतः एक पात्र म्हणून दिसतो. त्याच वर्षी त्या गेमला दिग्दर्शन, संगीत आणि अभिनय असे तीन पुरस्कार. ते तिन्ही रास्त असतील, मॅड्स मिकेल्सनचं काम खरंच सुरेख आहे. पण बाहेरच्या माणसाने ते कसं ठरवायचं? ज्युरीतल्या प्रकाशनांची यादी जाहीर आहे, कुणी कुणाला मत दिलं ते जाहीर नाही, किती मतांनी जिंकलं तेही नाही. आणि चार ठिकाणी एकच निकाल लागला तो अशा वर्षी की जेव्हा एक गेम बाकीच्यांच्या कितीतरी पुढे होता. चुरस असते तेव्हाच परीक्षा होते. 2024 ला बघा, कीलीकडे आणि बाफ्तात अ‍ॅस्ट्रो बॉट, जीडीसीत बलाट्रो, गोल्डन जॉयस्टिकमध्ये ब्लॅक मिथ: वुकाँग. असं झालं की मतं कशी पडली हे बघायला मिळालंच पाहिजे.

खेळियाड

मला तर सोपा उपाय वाटतो, पब्लिकचं मत 10 वरून थेट 50 टक्के करा. गेम आपण विकत घेतो, शेकडो तास आपण घालवतो आणि ठरवणार कोण तर ज्यांना कॉपी फुकट मिळते ते पत्रकार.

सह्याद्रीचा वारा

@खेळियाड भाऊ, हा प्रयोग होऊन गेलाय. पीसी गेम विकणाऱ्या स्टीमचे अवॉर्ड्स पूर्ण पब्लिकच्या मतावर असतात. 2023 च्या निकालात सगळ्यात नावीन्यपूर्ण गेमप्लेचं बक्षीस स्टारफिल्डला, आणि सातत्याने काळजी घेतल्याबद्दलचं बक्षीस रेड डेड रिडेम्प्शन 2 ला, ज्याच्या ऑनलाइन भागाचे मोठे अपडेट तो बनवणाऱ्या रॉकस्टारने कधीच थांबवले होते. लोकांनी मस्करीत मतं दिली आणि ज्या छोट्या टीम दहा दहा वर्षं खरंच गेम सांभाळतायत त्या राहिल्या बाजूला. आणि कीलीच्या शोमध्येही प्लेयर्स व्हॉइस नावाचा पूर्ण पब्लिकचा पुरस्कार आहेच की. 2022 ला गेन्शिन इम्पॅक्टने जिंकला, कंपनीने आभार म्हणून खेळणाऱ्यांना प्रिमोजेम (गेममधलं चलन) वाटले. पुढच्या वेळी लोक मत कशासाठी देणार सांगा.

पिक्सेलताई

मी थोडं वेगळं बोलते. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट डेब्यू गेमच्या नामांकनात राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक होता. नॉडिंग हेड्स गेम्स, आपल्या पुण्याचा स्टुडिओ! 2017 ला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ती पोरं चिकटून राहिली आणि 2020 ला गेम आणला. पुरस्कार फॅस्मोफोबियाला गेला, ठीक आहे. पण त्या पाच नावांत पुण्याचं नाव दिसलं तेव्हा जगातल्या किती लोकांनी पहिल्यांदा शोधलं असेल की भारतातही असा गेम बनतो. 2023 ला तसंच व्हेन्बाचं, टोरांटोतला स्टुडिओ पण गोष्ट तमिळ घरातली, इडली करायला लावणारा गेम, तोही नामांकनात होता.

तर माझं म्हणणं असं की या नामांकनाला किंमत आहे ती बघणाऱ्यांमुळे, आणि बघणारे येतात ट्रेलरसाठी. ते स्वतःच सांगतात त्याप्रमाणे 2024 ला 15 कोटी 40 लाख स्ट्रीम्स झाले. आकडा त्यांचाच आहे, थोडा फुगवलेला धरा, निम्मा धरा, तरी डाइस किंवा जीडीसीचे अवॉर्ड्स कितीजण लाइव्ह बघतात? तुम्ही जाहिराती काढून सगळं शुद्ध केलंत आणि हॉलमध्ये तीनशे माणसं उरली तर सोनीचं काही बिघडणार नाही, बिघडेल ते राजीसारख्यांचं.

कोपऱ्यातला गेमर

ताई, राजीबद्दल अगदी मनातलं बोललात. पण जाहिराती काढा असं मी म्हणतच नाहीये. ट्रेलर दाखवा, पैसे घ्या, फक्त कुठला ट्रेलर पैसे घेऊन दाखवला तेवढं स्क्रीनवर लिहा. आणि स्पर्धेतल्या कंपन्यांना सल्लागार मंडळातून बाहेर ठेवा. यातल्या कशाने एकही प्रेक्षक कमी होत नाही.

आणि छोट्या स्टुडिओंचंच बोलायचं तर 2023 ला बेस्ट इंडिपेंडंट गेमच्या नामांकनात डेव्ह द डायव्हर होता, जो मिंटरॉकेटने बनवला आणि मिंटरॉकेट ही नेक्सॉनची, कोरियातल्या एवढ्या बलाढ्य कंपनीची! विचारलं तर कीलीचं उत्तर, इंडी (इंडिपेंडंट) म्हणजे काय ते ज्युरीने ठरवायचं. पुरस्कार सी ऑफ स्टार्सला गेला म्हणून वाद विझला, पण त्या पाच जागांपैकी एक जागा गेली ती गेलीच, आणि ती राजीसारख्याच कुणाची तरी होती.

शाईवाला

बराच काळ नुसता वाचत होतो, पण सगळे कीलीभोवतीच फिरताय म्हणून लिहितो. अहो ज्युरीचं काय? ऑक्टोबर 2012 मधला तो फोटो शोधा, हेलो 4 या गेमचं पोस्टर, शेजारी डोरिटोस चिप्स आणि माउंटन ड्यूची मांडणी आणि मध्ये बसलेला कीली. त्यावर रॅब फ्लॉरेन्स यांनी युरोगेमर या गेमिंग वेबसाइटवर लेख लिहिला, पण त्यांचा खरा रोख होता पत्रकारांवर. ब्रिटनमधल्या गेम्स मीडिया अवॉर्ड्सला पत्रकार लोक प्लेस्टेशन 3 जिंकायला मिळावा म्हणून टूम्ब रेडर गेमचा हॅशटॅग ट्वीट करत होते! पुढे कायद्याचा बडगा दिसल्यावर युरोगेमरने लेखातला काही भाग काढला आणि फ्लॉरेन्स यांनी सदर सोडलं. म्हणजे ज्याने बोट दाखवलं तोच बाहेर गेला.

या वेबसाइट्सचा पैसा गेमच्याच जाहिरातींतून येतो, परीक्षणाची कॉपी आधी मिळणार की नाही ते पब्लिशरच्या हातात. सायबरपंक 2077 च्या वेळी तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने आधी फक्त पीसीची कॉपी दिली, व्हिडिओत कंपनीनेच पुरवलेली दृश्यं वापरायची अट घातली, आणि जुन्या कन्सोलवर गेमची काय दशा आहे ते लोकांना विकत घेतल्यावर कळलं. अट झुगारून बाहेर पडणारे फार निघाले नाहीत. लाच कुणीच घेतली नव्हती, हात दगडाखाली होते एवढंच. तेच हात ज्युरीत मत देतात. सल्लागार मंडळ उद्या बरखास्त केलंत तरी हे तसंच राहणार.

सह्याद्रीचा वारा

@शाईवाला, मग मत द्यायचं कुणी? पब्लिक मस्करी करतं, पत्रकार मिंधे, डाइसमध्ये मत देणारे याच धंद्यात नोकरी करणारे. स्वच्छ माणूस उरतो तरी कोण?

शाईवाला

स्वच्छ कुणीच नको, मोकळा हवा. आपल्याकडे 2022 ला पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडकच कुणाला दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला, निम्मे लोक अजून चिडलेले आहेत, पण परीक्षक ‘नाही’ म्हणू शकतात हे तरी दिसलं. द गेम अवॉर्ड्समध्ये ज्युरीने ठरवलं की या वर्षी स्पोर्ट्स गेममध्ये कुणीच लायक नाही, तर तसं म्हणायची सोय आहे का? मधला ट्रेलर आधीच विकलेला असताना?

पिक्सेलताई

हा मुद्दा पटला. पण कोपऱ्यातला गेमर यांना चुरशीच्या वेळी मतं कशी पडली ते बघायचंय, त्यात मला भीती वाटते. 2020 ला लास्ट ऑफ अस पार्ट 2 या गेममध्ये अ‍ॅबी या पात्राला आवाज दिला म्हणून लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, तिच्या लहान मुलालासुद्धा. तिने नुसती भूमिका केली होती हो. उद्या कळलं की अमक्या छोट्या वेबसाइटने वुकाँगऐवजी अ‍ॅस्ट्रो बॉटला मत दिलं, तर तिथे काम करणाऱ्या दोन-तीन माणसांचं हे लोक काय करतील?

कोपऱ्यातला गेमर

तेही खरंय ताई. मग नावं राहू देत, प्रत्येक विभागात कुणाला किती मतं पडली ती बेरीज तरी द्या. शंभरातली 90 की 31, एवढंच. त्याने कुणाच्या जिवाला धोका नाही, आणि इतक्या वर्षांत ती न देण्याचं एकही कारण माझ्या वाचनात आलेलं नाही.

सह्याद्रीचा वारा

बेरजेला माझा पाठिंबा आहे. सल्लागार मंडळाबद्दल मात्र अजून नाही. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो एका स्टेजवर येतात ते मंडळावर तिघांना सारखी जागा आहे म्हणून, आणि ती काढली तर पुढच्या वर्षी तिघांचे तीन वेगळे कार्यक्रम होतील असं मला वाटतं.