मदत हवी आहे: १९ महिन्यांचं मूल, शब्द नाहीत, सेशनला बसत नाही

शाळकरी मुलांनंतर आता तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर, त्यांच्या घरी जाऊन वाचा-भाषा थेरपीचं काम सुरू केलं आहे. एका मुलाबद्दल विचारायचं आहे.

वय १९ महिने. कधीतरी 'आई', बाकी हात धरून ओढणं आणि रडणं. जन्मानंतरची ओएई (कानाची चाळणी चाचणी) पास. हाक मारली की बहुतेक वेळा बघतो. चित्रांची कार्डं दोन मिनिटंही चालत नाहीत, 'म्हण बॉल' म्हटलं की तोंड फिरवतो. सेशन आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं. आई शेजारी बसून बघते आणि शेवटी 'घरी काय करून घेऊ?' विचारते.

सुरुवात कुठून करू? खेळण्यांची पिशवी न्यावी का? तीन महिन्यांची उद्दिष्टं कशी लिहावीत?

प्रतिसाद १

सगळ्यात आधी कान. जन्माच्या वेळी ओएई पास झाली म्हणून आज नीट ऐकू येतंय असं धरून चालू नका. ओएई आतल्या कानातल्या बाह्य केसपेशींचं काम दाखवते; ऑडिटरी न्यूरोपथी (कानाकडून मेंदूकडे संदेश नीट न पोचणं) तिच्यातून सुटते. काही श्रवणदोष जन्मानंतर काही महिन्यांनी उद्भवतात, आणि या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं नेहमीचंच. टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल तपासणारी चाचणी) आणि व्हीआरए करून घ्या. व्हीआरएमध्ये आवाजाकडे मान वळवली की उजळणारं खेळणं दिसतं; ही चाचणी या वयाला चांगली जमते. तरी शंका उरली तर बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी). एनआयसीयूतला (नवजात अतिदक्षता विभागातला) मुक्काम, मेंदूज्वर, कुटुंबात लहानपणापासूनचा बहिरेपणा, हे विचाराच. हाकेला वळण्यावर विसंबू नका: मूल सावलीला, हालचालीलाही वळतं, आणि एकाच कानाने कमी ऐकणारं मूल तर हाकेला हमखास वळतं.

पहिल्या भेटीत शब्दांपेक्षा बाकीचं टिपा. बडबडीत व्यंजनं किती आणि कोणती? हावभाव न करता सांगितलेलं कळतं का? बोट दाखवतो ते फक्त हवं म्हणून, की 'बघ ना' म्हणूनही? दुसरं नसेल आणि हात ओढताना चेहऱ्याकडे बघत नसेल, तर एम-चॅट-आर (ऑटिझमच्या चाळणीची, पालकांनी भरायची प्रश्नावली) भरून घ्या. ती १६ ते ३० महिन्यांसाठी आहे, २० प्रश्नांची. ३ ते ७ गुण आले तर पाठपुराव्याची मुलाखत, ८ किंवा जास्त आले तर थेट सविस्तर तपासणीला पाठवा. हे निदान नव्हे, चाळणी आहे. पालकांनाही याच शब्दांत सांगा.

प्रतिसाद २

'म्हण' म्हणणं सध्या पूर्ण बंद करा. जे मूल अजून कृतीची नक्कल करत नाही, त्याच्याकडून शब्दाची नक्कल मागितली की ते तोंड फिरवणारच. क्रम असा: आधी तुम्ही त्याची नक्कल करा, मग वस्तूने केलेली कृती (डबा वाजवणं), मग हातवारे, मग 'फुर्र', 'धप्प' असे आवाज, आणि शेवटी शब्द.

संधी मुद्दाम तयार करा. साबणाच्या फुग्यांच्या पाण्याची बाटली घट्ट बंद करून त्याच्या हातात द्या आणि ५ ते १० सेकंद गप्प राहा, चेहरा मात्र उत्सुक हवा. नजर, हात, आवाज, काहीही आलं की 'उघड' म्हणत लगेच उघडा. काहीच आलं नाही तरी शब्द म्हणा आणि उघडाच. बोलेपर्यंत अडवून धरलं की हमखास बिघडतं: मूल रडतं आणि पुढच्या वेळी त्या माणसाशी खेळायलाच येत नाही.

पिशवी नको. तुमच्याबरोबर खेळणी परत गेली की सरावही जातो. आईला आंघोळ, कपडे, बूट यांपैकी एक प्रसंग निवडू द्या. पाच मिनिटं फक्त बघा, मग एकच तंत्र करून दाखवा आणि मूल तिच्या हाती सोपवून मागे बसा. हाच भाग सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवतात. नंतर 'छान केलंत' एवढ्यावर थांबू नका. 'मोजा पुढे धरून तुम्ही थांबलात, तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं' असं नेमकं सांगा. निघण्यापूर्वी पुढच्या आठवड्यात हे कधी आणि कुठे करणार, हे तिच्याच तोंडून येऊ द्या.

मूळ प्रश्नकर्ता

आभार, चाचण्यांचं आजच कळवते. आई सतत 'हे काय? ते काय?' विचारते, ते कसं थांबवू?

प्रतिसाद ३

थांबवू नका, त्याच जागी दुसरं द्या. 'हे काय?' ऐवजी 'बूट. बूट घातला.' मूल ज्याकडे बघतंय त्याचंच नाव, छोट्या वाक्यात, त्याच प्रसंगात पुन्हा पुन्हा. शब्द पाच-सहाच ठेवा: दे, नको, ये, अजून, उघड, गेला. रंग आणि प्राण्यांची नावं नंतर. त्यांनी काही मागता येत नाही. 'उघड'चं 'उअ' झालं तरी दर वेळी त्याच अर्थाने आलं, तर तो शब्दच धरा.

उद्दिष्टात प्रसंग, आईची कृती आणि मुलाची कृती तिन्ही हवीत. उदाहरणार्थ: 'कपडे घालताना आई थांबल्यावर मूल तिच्याकडे पाहून हावभावाने किंवा आवाजाने मागेल, १० पैकी ६ संधींत, सलग तीन भेटींत.' 'शब्दसंग्रह वाढेल' हे मोजता येत नाही. आईने फक्त त्या एका प्रसंगाच्या खुणा कागदावर कराव्यात. दिवसभराची नोंद कोणी ठेवत नाही.

बोलताना हातांच्या खुणा आणि चित्रं पहिल्या दिवसापासून वापरा, त्यांनी बोलणं मागे पडत नाही. मात्र असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे झाले, तर तीन महिन्यांच्या आढाव्याची वाट न बघता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.