मदत हवी आहे: छोटा उदेपूरला एकट्याने राहायचंय

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातल्या दांडिया बाजारचा, वय २५, लग्न व्हायचंय. बँकेतली पहिलीच नेमणूक छोटा उदेपूरला झालीये. बडोद्याहून शंभरेक किलोमीटर, रोज जाऊन-येऊन जीव निघेल. इथल्या प्रतापनगर स्टेशनहून रेल्वे आहे, पण ती शनिवार-रविवारपुरती ठीक.

परवा तीन खोल्या पाहिल्या. दोन ठिकाणी "फॅमिली साथे छे?" एवढंच विचारून दार लोटलं. तिसऱ्या काकांनी चावी दाखवली, पण अट घातली: घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. (आमच्याकडे दर रविवारी मटण!) गुजराती येतं, तिथल्या आदिवासींची राठवी बोली मात्र डोक्यावरून जाते आणि काउंटरवर तीच लागणार.

तिकडे कुणी राहिलंय का? एकट्याला खोली कोणत्या भागात मिळते? डब्याची सोय होते का? आईला मी 'होते' सांगून बसलोय.