जुन्या घराच्या न्हाणीघरात कुठले दिवे लावावेत?

धागाकर्ती, गुहागर:
नमस्कार मंडळी. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. न्हाणीघर मागीलदारी, साधारण ८ बाय ६ फूट, आणि आत उतरताना एक पायरी आहे. फरशी, नळ, बेसिन सगळं नव्याने करतोय, पण वासे आणि कौलं उघडीच ठेवायची आहेत, फॉल्स सीलिंग नको. सध्या दाराच्या चौकटीवर एकच बल्ब आहे. आई आरशासमोर उभी राहिली की उजेड तिच्या पाठीमागून येतो आणि तिचाच चेहरा तिला काळोखात दिसतो. रात्री पायरीसुद्धा दिसत नाही. ती ७८ वर्षांची आहे, मला खरी काळजी त्या पायरीची वाटते.
चार वर्षांपूर्वी आरशावर एक चकचकीत दिवा लावला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला फोड आले. तो काढायला गेलो तर स्क्रूची डोकी गंजून हातात आली. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. काय लावावं?

प्रतिसाद, वेंगुर्ला:
ताई, दुकानात दिवा आवडला की आधी तो उलटा करून मागची बाजू बघा. खाऱ्या हवेत पहिले जातात ते स्क्रू आणि पत्रा. स्टीलचा घ्यायचा तर ३१६ ग्रेड मागा, ३०४ वर किनाऱ्याला तांबूस डाग येतात. पितळेसारखं दिसणारं बरंचसं सामान म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा असतो. मुलाम्याला बारीक चीर गेली की आतून फुगतं, तुमचं बहुधा तेच झालं. आमच्याकडे दूधकाचेचा गोळा आणि चिनी मातीचं बूड असलेले दिवे आहेत. दोन्हीला गंज चढत नाही.
आंघोळीच्या जागेजवळ आयपी ६५ घ्या, आरशापाशी आयपी ४४ चालेल. आयपीचा पहिला आकडा दिवा धूळ किती अडवतो त्याचा, दुसरा पाणी किती अडवतो त्याचा. धुळीचा आकडा कोकणात किड्यांसाठी धरायचा. पहिल्या पावसात वाळवीची पाखरं उठतात आणि काचेत शिरून मरतात, मग उजेडच पिवळा पडतो. आणि भिंतीशी सिलिकॉन भरताना दिव्याची खालची कड मोकळी सोडायला सांगा. चिरा पाणी पितो. मागे ओल आलीच तर तिला वाट हवी.

प्रतिसाद, दापोली:
आरशाच्या वर एकच दिवा लावलात तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. दोन्ही बाजूंना एकेक लावा, जमिनीपासून सव्वापाच फुटांच्या आसपास. आईंची उंची मोजून ठरवा. ३००० केल्व्हिन, म्हणजे उबदार पिवळसर उजेड, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. पांढऱ्याफटक उजेडात जांभा मळकट दिसतो.
पायरीसाठी भिंतीत गुडघ्याच्या खाली, आडवा उजेड टाकणारा एक वॅटचा दिवा. आडव्या उजेडाने पायरीची कड उठून दिसते, वरून पडणाऱ्या उजेडात ती सपाट वाटते. रात्री दहा तास चालू ठेवलात तरी महिन्याला युनिटचा तिसरा हिस्सासुद्धा जळत नाही.

प्रतिसाद, देवगड (मी वायरमन आहे):
दिव्यांच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत दोनच तारा ओढलेल्या असतात, तिसरी नसते. तिथे धातूचा दिवा लावूच नका. ज्यावर चौकोनात चौकोन ही खूण असते तो दुहेरी इन्सुलेशनचा असतो, त्याला अर्थ लागत नाही. नवी लाइन टाकताय तर न्हाणीघराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) हवीच, गिझरसाठीही. उन्हाळ्यात कातळावरची जमीन सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात पाणी घालत जा.
एक माझं मत. एलईडी आतच बसवलेले दिवे गावात घेऊ नयेत. व्होल्टेज खालीवर झालं की ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, उडतो आणि अख्खा दिवा टाकावा लागतो. साधा होल्डर असलेला घ्या, बल्ब नाक्यावरच्या दुकानातही मिळतो. मात्र बंद काचेत ५ ते ७ वॅटचाच बल्ब घाला, मोठा तापून लवकर जातो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आरशाच्या दोन्ही बाजूंना चिनी मातीच्या बुडाचे दिवे, आंघोळीच्या बाजूला प्लास्टिकचा आयपी ६५ बल्कहेड (भिंतीला चिकटून बसणारा बंद दिवा), आणि पायरीचा दिवा सगळ्यात आधी. काल रात्री टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघितला. आई म्हणाली, "ही कड इतकी झिजलीय, मला कधी दिसलीच नव्हती." आता ती कडही गवंड्याकडून करून घेतेय.
दिवसाच्या उजेडासाठी एक काचेचं कौल बसवायचा विचार आहे. मे महिन्यात शाकारणीला माणूस येईल तेव्हाच होईल. मंगलोरी कौलाच्या मापाचं काचेचं कौल चिपळूणकडे कुणी अलीकडे घेतलंय का? जुनी मापं थोडी वेगळी असतात, म्हणून विचारतेय.