उंदराच्या जिभेवरील गाठ एमआरआयमध्ये कशी पाहतात?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

आमच्या भागात खर्रा खाणारे पुष्कळ असल्याने तोंडाचा कर्करोग हा माझ्या विद्यार्थ्यांच्या घरातलाच विषय आहे. उंदरांवरील संशोधनाबद्दल शिकवत असताना अकरावीतील एका मुलीने विचारले, की गाठ वाढली की आटली हे पाहण्यासाठी दर वेळी उंदीर मारावाच लागतो का. एमआरआयने ती जिवंतपणी दिसते एवढे मी सांगितले. परंतु पंचवीसेक ग्रॅमच्या जिवाला दवाखान्यातले यंत्र चालते का आणि त्यातून नेमके काय कळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (संशोधक, नागपूर)

ताई, रुग्णांसाठीची यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) असतात. त्यांतही खास कॉइल (शरीरातून येणारा संकेत टिपणारे तारेचे वेटोळे) लावून उंदीर तपासता येतो; पण लहान प्राण्यांसाठी ४.७, ७ किंवा ९.४ टेस्लाची अरुंद पोकळीची यंत्रे अधिक उपयोगी पडतात. चित्रातील प्रत्येक कणाची बाजू १ मिलिमीटरवरून ०.१ मिलिमीटरवर आणली, की त्याचे घनफळ आणि त्याबरोबर त्यातून मिळणारा संकेतही हजारपटीने घटतो. ही तूट भरून काढण्यासाठी प्रबळ चुंबक आणि डोक्याला अगदी लगटून बसणारी कॉइल लागते. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देतात. भुलीत त्याचे शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून त्याला ऊब द्यावी लागते आणि श्वासावर सतत लक्ष ठेवावे लागते. माझ्या मते चांगले चित्र मिळणे निम्मे या काळजीवरच अवलंबून असते.

उत्तर (पॅथॉलॉजी विभाग, वर्धा)

कातडीखालची गाठ कॅलिपरने मोजता येते, जिभेतली किंवा मेंदूतली येत नाही. ४-एनक्यूओ हे रसायन पिण्याच्या पाण्यातून देऊन उंदराच्या जिभेवर कर्करोग निर्माण करतात. तो किती खोल शिरला, हे एमआरआयमध्ये पाहता येते. गाठीतील पाण्याचे संकेत निरोगी ऊतीपेक्षा वेगळे असतात, हे अमेरिकी संशोधक रेमंड दमादियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींवरच दाखवले होते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती एमआरआयची डिफ्यूजन पद्धत, म्हणजे ऊतीतील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणे. दाटीवाटीने वाढलेल्या पेशींमध्ये पाण्याच्या रेणूंना हालचालीस जागा कमी मिळते. औषधाने पेशी मरू लागल्या, की ती हालचाल वाढते आणि हा बदल पुष्कळदा गाठ आकाराने लहान होण्याआधीच टिपता येतो. मात्र सूज आणि गाठ यांत चित्रावरून गल्लत होऊ शकते, त्यामुळे शेवटी ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल, की दर वेळी उंदीर मारावा लागत नाही, पण प्रयोगाच्या अखेरीस बहुधा लागतो.

उत्तर (संशोधक, नागपूर)

वरील उत्तराला थोडी जोड देतो. समजा, पाच वेगवेगळ्या आठवड्यांत प्रत्येकी आठ उंदरांच्या गाठी कापून पाहायच्या, तर चाळीस उंदीर लागतील. एमआरआयने त्याच आठ जणांवर पाचही वेळा लक्ष ठेवता येते. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या चित्राशी होत असल्याने निष्कर्ष अधिक भरवशाचा ठरतो. भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि इतकेच प्राणी का हवेत, याचे कारण तिला लेखी द्यावे लागते.