प्रति: सातला कोण ऐकतं पंक?
वर कोणीतरी म्हटलंय की नाशिकच्या गंगापूर रोडच्या बारमधले रॉक-पंकचे (पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक) शो संध्याकाळी सातलाच का, दहानंतर खरी मजा. अरे पण गच्ची उघडी आहे ना तिथली, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, मग तीन बँड बसवायचे तर सातलाच सुरू करावं लागणार. पंकवाल्यांची गाणी तशीही दोन-अडीच मिनिटांची, पटापट उरकतात, वेळ खातो तो साउंडचेक, म्हणजे आधी माइक-स्पीकर तपासणं. आणि हो, बियर-वाइनला वयाची २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या हार्डला २५ पूर्ण लागतात, ओळखपत्र ठेवा जवळ. सुलाफेस्टला, म्हणजे इथल्या सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवाला, मुंबई-पुण्याची पब्लिक येते राव, आपल्याला जवळच्या कॉलेज रोडवरून यायचा कंटाळा!