हायब्रीड घेऊनही ॲव्हरेज १८ च? आर्वी-वर्धा रोजचं अप-डाऊन

संत्राबाग_आर्वी:
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात स्ट्राँग हायब्रीड गाडी (पेट्रोल इंजिन अन् बॅटरीवरची मोटर, दोन्हीवर चालणारी) घेतली, दीड लिटर पेट्रोलवाली. रोज आर्वी ते वर्धा अप-डाऊन आहे, एका बाजूनं पन्नासच्या वर किलोमीटर. कागदावर आकडा २७ च्या पुढचा, शोरूमवाला पोरगा त छातीठोक म्हणला होता साहेब २५ कुठंच गेले नाही. मले भेटते १८. जुनी डिझेल मले १९ देत होती बाप्पा, मग हे वरचे पैसे कायले घातले? घरी रोज प्रश्न, आज किती दिलं वो तिनं. चालवतो मी व्यवस्थितच, रोड मोकळा असला की १००, उतार आला की न्यूट्रल, जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरची लाईन लागली तरी न्यूट्रल, एसी २० वर कारण मार्चमध्येच डोकं फिरवून राह्यलं ऊन. गाडीतच फॉल्ट आहे का?

बोरीचा_भाऊ:
सीएनजी घ्यायची होती. विषय खतम.

झेडपी_गुरुजी:
भाऊ फॉल्ट गाडीत नाही, डाव्या हातात आहे. राग नका मानू, मीही पहिले सहा महिने हेच केलं, पंधरा वर्षं डिझेल चालवली त हात आपोआप न्यूट्रलकडे जाते. पण हायब्रीडमध्ये N (न्यूट्रल) टाकलं की मोटर मोकळी सुटते. उतारावर चाकं फिरून राह्यली पण त्यातून बॅटरीत काहीच जात नाही, फुकटची वीज रस्त्यावर सांडली समजा. आणि उभं असताना N मध्ये इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी चार्ज होत नाही, टोयोटाच्या मॅन्युअलमध्येच लिहून आहे. तुम्ही ट्रॅक्टरच्या लाईनीत पंधरा मिनिटं N टाकून एसी चालू ठेवता, एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर, म्हणजे तेवढा वेळ नुसतं उपसणं चालू. मग निघाल्यावर इंजिन गाडी बी ओढते अन् बॅटरी बी भरते. D (ड्राइव्ह) मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभे राहा, जास्त वेळ असंन त P (पार्किंग) टाका. उतारावर D मध्येच पाय उचला, मीटरचा काटा CHG मध्ये, म्हणजे चार्जिंगमध्ये, गेला पाह्यजे. B (उतारावर इंजिननं वेग रोखणारा गिअर) लांब घाटासाठी ठेवा, सपाटीवर त्याचं काम नाही.

अन् ब्रेक. समोर बैलबंडी दिसली की दुरूनच हलका पाय ठेवायचा. जवळ जाऊन कच्चकन दाबला की डिस्क गरम होते, बॅटरीत थोडंसंच जाते.

वरोऱ्याची_ताई:
गुरुजींचं बरोबर आहे पण दादा तुमचा खरा खर्च त्या १०० मध्ये आहे. हायब्रीड शहरात कमावते, थांब-चाल थांब-चाल मध्ये. सलग रस्त्यावर बॅटरीला करायला फारसं काही उरतच नाही, सगळं इंजिनवर. ८० वरून १०० ला गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो (वेग सव्वापट, विरोध वर्गानं, हिशोब करून पाहा), आणि पन्नास किलोमीटरमध्ये वाचतात किती, साडेसात मिनिटं, तीही रोड पूर्ण मोकळा असला तर. कंपनीचा आकडा लॅबमध्ये एसी बंद ठेवून निघतो अन् त्या चाचणीत गाडी ९० च्या वर जातच नाही, त्यामुळे २७ विसरा.

एसी २५ वर ठेवून पाहा. उन्हात उभी गाडी असेल तर आधी चारही काचा खाली करून अर्धा किलोमीटर चालवायची, ती भट्टीची हवा निघून जाऊ द्यायची, मग एसी. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. बॅटरी थंड ठेवायला हवा ओढणारी एक जाळी असते, मागच्या सीटपाशी किंवा डिक्कीत, जागा गाडीगणिक वेगळी, मॅन्युअलमध्ये चित्र सापडेल. आपल्याकडे धूळ आणि कापसाचं तूस, दोन्ही तिथं बसतं. बॅटरी तापली की गाडी स्वतःच तिचा वापर कमी करते अन् इंजिन जास्त चालवते. तेवढी पाहून घ्या.

पंपावरचा:
१८ स्क्रीनवरचा की टाकी टू टाकी? स्क्रीन थोडं गोड बोलते. एकाच पंपावर ऑटो कट होईपर्यंत भरा, दोन-तीन टाक्यांचा हिशोब धरा. ई-२० चाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) फरक पडतो, लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा शक्ती कमीच असते. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरायची, दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे त्याप्रमाणं. दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काही जण काढून टाकतात, तसं करू नका.

संत्राबाग_आर्वी:
तीन टाक्या झाल्या म्हणून लिहून राह्यलो. N सोडलं (दोनदा हात गेलाच), ८० च्या वर जात नाही, मागून बोलेरोवाले हॉर्न मारतात त मारू द्या. टाकी टू टाकी २१.६ आलं. ताई तुमची जाळी सापडली जी. मागच्या सीटच्या बाजूलाच होती अन् तिच्यावर रेटून सरकीच्या ढेपीचं पोतं! दर शनिवारी वर्धेवरून म्हशींसाठी आणतो, कधी कधी सोमवारपर्यंत तसंच राहते. जाळीवर भुसा अन् तुसाचा हा एवढा थर, ब्रशनं काढला.

आता ढेप ऑटोनं मागवतो. ऑटोवाला पोत्यामागं ४० रुपये घेते, ते ॲव्हरेजमधून वजा धरायचे का, गुरुजी तुम्हीच सांगा.